रात्री रक्त तपासायला शिकवणारा डॉक्टर

आरोग्य खात्याची माणसं रात्री साडेआठनंतर दार वाजवतात आणि बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात, तेव्हा आपण चिडतो. दिवसा यायला काय होतं यांना? विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात तर काही घरं दारच उघडत नाहीत. पण या अवेळी येण्याचं कारण डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी शोधून ठेवलंय.

मॅन्सन यांचा जन्म १८४४ चा, स्कॉटलंडमधला. १८६६ मध्ये ते चीनच्या कस्टम खात्याचे डॉक्टर म्हणून फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानला गेले आणि १८७१ पासून अमॉय बंदरात राहिले. हत्तीपायाचे, अंडवृद्धीचे रोगी सारखे दारात. सूज ते कापून काढत, पण रोग येतो कुठून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १८७५ मध्ये रजेवर लंडनला गेले असता वाचनात आलं, की कलकत्त्याला डॉ. लुईस यांना १८७२ मध्येच माणसाच्या रक्तात बारीक जंत दिसलेत. मग मॅन्सन सूक्ष्मदर्शक घेऊनच परतले.

त्यांचा माळी होता हिन-लो. त्याच्या रक्तात हे जंत होते. १८७७ मध्ये त्याला डासांच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी रक्त पिऊन तट्ट फुगलेले डास गोळा केले. रोज थोडे डास चिरून पाहिले, तर जंत डासाच्या पोटातून छातीत जाऊन वाढत होते! किडा रोगाचं बी पोसतो, हे पहिल्यांदा दिसलं. (पुस्तकांत मोठं नाव मॅन्सन यांचं, पण रात्रभर डास चावून घेतले माळ्यानं. हे मला विसरवत नाही.)

पुढं मदतनीसांना पाळीपाळीनं बसवून रात्रंदिवस रक्त तपासलं. जंत रात्री भरपूर, दिवसा गायब. दिवसा ते फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडतात. लंडनच्या विद्वानांनी थट्टा केली. पण क्युलेक्स डास चावतो रात्री, म्हणून जंतही रात्रीच वर येतात. दुपारी घेतलेल्या थेंबात म्हणूनच काही सापडत नाही.

मॅन्सन चुकलेही. डास एकदाच चावतो, मग पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो, असं ते धरून चालले. १९०० मध्ये लंडनच्या डॉ. लो यांना जंत डासाच्या सोंडेत दिसले, तेव्हा रोग चावण्यातूनच येतो हे कळलं. ते डास उकडलेल्या पाण्यानं थोडेच थांबणार?

दूधवाल्यांसाठी एक गोष्ट. हाँगकाँगला असताना रोग्यांना स्वच्छ दूध मिळेना, म्हणून याच डॉक्टरांनी १८८६ मध्ये गाई आणवून डेअरी काढली. पुढं लंडनला १८९४ पासून रोनाल्ड रॉस यांना मलेरियाच्या डासांची दिशा त्यांनीच दाखवली. १८९७ मध्ये सिकंदराबादला रॉस यांना यश आलं. १९२२ मध्ये मॅन्सन वारले.

हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. तुंबलेलं गटार, संडासची टाकी ही त्याची घरं. टाकीच्या वरच्या पाईपला जाळी बांधा, सांडपाण्याला शोषखड्डा करा. वर्षातून एकदा गोळ्या वाटायला येतात, त्या खिशात ठेवू नका, त्यांच्यासमोरच गिळा. गोळी रक्तातले बारीक जंत मारते, पण एकदा जाड झालेला पाय पूर्ववत होत नाही.