पराभूत देशाचा विजेता

दुसऱ्या महायुद्धात नमलेल्या जपानला ज्याच्या कुस्त्यांनी पुन्हा मान वर करण्याचे धैर्य दिले, तो रिकिदोझान जन्माने जपानी नव्हता. त्याच्या गाजलेल्या लढती आणि त्यामागे दडवलेले आयुष्य यांचा हा मागोवा.

१९ फेब्रुवारी १९५४ च्या संध्याकाळी टोकियोतील शिम्बाशी रेल्वे स्थानकाबाहेरचा चौक माणसांनी तुडुंब भरला होता. घरात दूरचित्रवाणी संच असणे ही त्या काळी जपानमध्ये मोजक्या श्रीमंतांची चैन होती. म्हणूनच मात्सुतारो शोरिकी यांच्या निप्पॉन टेलिव्हिजनने स्थानकांबाहेर आणि चौकाचौकांत उंचावर संच बसवले होते. त्या इवल्याशा कृष्णधवल पडद्याकडे टक लावून उभ्या असलेल्यांची संख्या एकट्या शिम्बाशीत वीस हजारांच्या घरात होती, असे सांगितले जाते. पडद्यावर कुरामाए येथील सुमोच्या सभागृहातून व्यावसायिक कुस्तीचे थेट प्रक्षेपण सुरू होते. एका बाजूला बेन आणि माइक हे धिप्पाड शार्प बंधू. दुसऱ्या बाजूला ज्युदोतील नामवंत मल्ल मासाहिको किमुरा आणि पायघोळ काळी तंग विजार घातलेला, सुमो सोडून आलेला रिकिदोझान.

लढतीची मांडणी साधी होती. गोऱ्या मल्लांनी किमुराला कोपऱ्यात कोंडायचे, पंचाची पाठ वळताच नियम धाब्यावर बसवून दोघांनी मिळून त्याला बडवायचे. प्रेक्षकांचा जीव कासावीस झाला की जोडीदाराच्या हाताला हात लावून रिकिदोझान रिंगणात उतरायचा आणि तळहाताच्या कडेने शार्प बंधूंच्या छातीवर, मानेवर घाव घालायचा. हाच त्याचा प्रसिद्ध ‘कराटे चॉप’. सहा फुटांहून उंच गोरा माणूस त्या घावाने कोलमडताना दिसला की चौकातली गर्दी बेभान होई. त्या दिवशीची कुस्ती बरोबरीत सुटली, पण बरोबरीसुद्धा लोकांना विजयासारखी वाटली. अमेरिकी लष्कराचा अंमल संपून तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

या प्रसंगातील विसंगती मात्र प्रेक्षकांच्या ध्यानी आली नाही. ज्यांना ते अमेरिकेचे प्रतिनिधी समजून शिव्या घालत होते, ते शार्प बंधू होते कॅनडाचे. ज्याच्या रूपाने जपानचा सूड उगवला जात होता, तो रिकिदोझान होता कोरियन. रिंगणातला खराखुरा जपानी होता किमुरा, आणि त्याच्या वाट्याला आली होती मार खाण्याची भूमिका.

रिकिदोझानचे मूळ नाव किम सिन-राक. १४ नोव्हेंबर १९२४ रोजी, आज उत्तर कोरियात असलेल्या दक्षिण हामग्योंग प्रांतात त्याचा जन्म झाला. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. सिरुम या कोरियन कुस्तीत चमकलेल्या या मुलावर जपानी सुमोच्या पारख्यांची नजर पडली आणि टोकियोच्या निशोनोसेकी तालमीत त्याची रवानगी झाली. १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो सुमोच्या आखाड्यात उतरला. सामर्थ्याच्या मार्गाचा पर्वत, अशा अर्थाचे रिकिदोझान हे नाव त्याला तिथेच मिळाले. पुढे नागासाकीजवळच्या ओमुरा येथील मोमोता कुटुंबाचे आडनाव त्याने घेतले, कागदोपत्री तो मित्सुहिरो मोमोता झाला आणि ओमुरा हेच त्याचे जन्मगाव असल्याचे सांगितले जाऊ लागले.

सुमोत त्याने मजल मारली ती सेकिवाके या श्रेणीपर्यंत. योकोझुना आणि ओझेकी यांच्या खालोखालची ही तिसरी श्रेणी त्याने १९४९ मध्ये गाठली. पुढच्याच वर्षी एका रात्री त्याने स्वतःच्या हाताने आपली सुमोची शेंडी कापली आणि आखाडा सोडला. फुप्फुसाचा आजार, तालमीच्या प्रमुखाशी पैशांवरून झालेले खटके आणि कोरियन असल्याने मिळालेली वागणूक, अशी वेगवेगळी कारणे यासाठी दिली जातात. कारण कोणतेही असो, परंपरेचा दरवाजा त्याने स्वतःच बंद केला. काही काळ त्याने एका बांधकाम कंपनीत नोकरी केली.

१९५१ मध्ये अमेरिकी मल्ल बॉबी ब्रन्स आपल्या चमूसह टोकियोत आला आणि रिकिदोझानच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. २८ ऑक्टोबर रोजी ब्रन्सशीच दहा मिनिटांची बरोबरीची लढत खेळून त्याने व्यावसायिक कुस्तीत पदार्पण केले. पुढच्या वर्षी तो हवाईला गेला. तिथे आणि अमेरिकेत त्याने डावांबरोबरच प्रेक्षक कसा खेळवायचा हेही शिकून घेतले. अमेरिकेतील रिंगणात तेव्हा जपानी मल्लाला बहुधा कपटी खलनायकाचे काम मिळे. बेसावध प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत मीठ फेकणारा, वाकून नमस्कार करता करता लाथ मारणारा जपानी ही तिथली ठरलेली आकृती होती. रिकिदोझानने ती उलटी केली. १९५३ मध्ये मायदेशी म्हणवल्या जाणाऱ्या जपानमध्ये परतून त्याने स्वतःची कुस्ती संघटना स्थापन केली, तेव्हा कपट गोऱ्यांच्या वाट्याला गेले आणि सहनशीलता व सात्त्विक संताप त्याच्याकडे आला.

कोल्हापूर-सांगलीच्या कुस्तीशौकिनांना नुरा कुस्ती हा शब्द नवा नाही. ठरवून केलेली कुस्ती म्हणजे लाल मातीशी बेइमानी, असे तिथे मानले जाते. व्यावसायिक कुस्तीला हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे निकाल ठरलेला असतो आणि कसब असते ते ठरलेली गोष्ट क्षणोक्षणी खरी वाटायला लावण्यात. या कसोटीवर रिकिदोझानचे मूल्यमापन केले तर काय दिसते? डावांची विविधता त्याच्याकडे फारशी नव्हती. सुमोतली चपराक आणि रेटा, काही फेका आणि कराटे चॉप एवढ्यावर त्याचे भांडवल संपे. मात्र मार खाण्याची वेळ कितपत ताणायची आणि पहिला घाव नेमका कधी घालायचा, याचे भान त्याच्याइतके क्वचितच कोणाला असेल. लढतीची पहिली वीस मिनिटे तो अन्याय सोसत राही. प्रेक्षकांच्या मनात रागाचा पुरेसा साठा झाल्यावरच त्याचा हात उठे. या संयमामुळेच एकच एक घाव वर्षानुवर्षे शिळा झाला नाही.

हा संयम सुटला तो २२ डिसेंबर १९५४ रोजी. शार्प बंधूंच्या लढतींनंतर आपल्याला जाणूनबुजून दुय्यम दाखवले गेले, ही सल किमुराच्या मनात होती. १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन एलियो ग्रेसीला नमवणाऱ्या या ज्युदोपटूला ते झोंबणे स्वाभाविक होते. खरी कुस्ती झाल्यास आपणच जिंकू, असे त्याने वृत्तपत्रातून जाहीर केले आणि जपानच्या अजिंक्यपदासाठी दोघांची लढत ठरली. किमुराने नंतर सांगितल्यानुसार पहिली लढत बरोबरीत सोडवायची आणि पुढच्या लढतींत आळीपाळीने जिंकायचे, असा दोघांत करार होता.

या लढतीचे चित्रण आजही उपलब्ध आहे. सुरुवातीचा भाग पाहताना करार पाळला जात असल्याचे जाणवते. पकडी सैल आहेत, फेका सहकार्याने घेतल्या जात आहेत, कोणालाच घाई नाही. मग किमुराचा पाय रिकिदोझानच्या जांघेच्या दिशेने जातो. तो फटका फार जोरकस वाटत नाही. रिकिदोझानच्या चेहऱ्यावरचे भाव मात्र बदलतात आणि तो खऱ्याखुऱ्या चपराकींचा वर्षाव करतो. गोंधळलेला किमुरा हात पुरते वर घ्यायच्या आतच खाली जातो, डोक्यावर लाथ बसते आणि लढत सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांच्या आसपास तो रक्तबंबाळ होऊन निपचित पडतो. लढतीनंतर रिकिदोझानने किमुराच्या बरोबरीच्या प्रस्तावाचा कागद उघड केला. आपला कागद मात्र त्याने कधीच दिला नव्हता, असा किमुराचा दावा होता.

कुस्तीचे चाहते या लढतीवर आजही वाद घालतात. खालच्या फटक्याने संतापून तो भान हरपला, की असा काही प्रसंग घडण्याची तो वाटच पाहत होता? निवाडा काहीही झाला तरी एक गोष्ट उरते. व्यावसायिक कुस्तीत मल्ल आपला देह प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतो, तो या विश्वासावर की समोरचा त्याला इजा करणार नाही. तो विश्वास रिकिदोझानने मोडला. ही लढत त्याच्या कारकिर्दीतील सर्वात खरी लढत होती आणि कसबाच्या दृष्टीने सर्वात वाईटही. तिच्यात ना चढउतार होते, ना कथा. जपानला एकच नायक उरला, आणि तो किमुरा नव्हता. १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत किमुराची त्या पराभवातून सुटका झाली नाही.

त्यानंतर आशिया खंड जिंकायचा होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोत झालेल्या आशियाई स्पर्धेला हंगेरियन वंशाचा अजस्र किंगकाँग आला, तसाच दारासिंगही. किंगकाँगला हरवून रिकिदोझानने आशियाई किताब मिळवला. याच किंगकाँगशी झालेल्या दारासिंगच्या कुस्त्यांनी पुढे मुंबईकरांनाही वेड लावले. परकीय सत्ता नुकत्याच गेलेल्या दोन्ही देशांत, परक्या महाकाय मल्लाला आपला माणूस लोळवतो हे दृश्य तिकीटबारीवर चालावे, हा योगायोग म्हणता येणार नाही.

कलेच्या दृष्टीने त्याची सर्वोत्तम लढत ऑक्टोबर १९५७ मधील, जागतिक विजेता लू थेझविरुद्धची. थेझ हा खऱ्या कुस्तीत मुरलेला, खलनायकी चाळे न करणारा मल्ल. त्याच्यासमोर रागाचे भांडवल उपयोगाचे नव्हते. कोराकुएन स्टेडियमवर साठ मिनिटे ही लढत चालली आणि बरोबरीत सुटली. तिला ८७ टक्के प्रेक्षकवर्ग लाभल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी लॉस एंजलिसमध्ये थेझला हरवून त्याने ‘आंतरराष्ट्रीय’ किताब आणला. नावात भव्यता असली तरी तो जागतिक अजिंक्यपदाचा किताब नव्हता, हे इथे नोंदवायला हवे.

एव्हाना दूरचित्रवाणी घराघरात शिरू लागली होती. शुक्रवारी रात्री आठ वाजता एका आठवड्यात कुस्ती, तर दुसऱ्या आठवड्यात डिस्नेलँड असा कार्यक्रम मित्सुबिशी कंपनी प्रायोजित करी. दोन लढतींच्या मध्ये कंपनीच्या व्हॅक्यूम क्लीनरने रिंगण साफ केले जाई आणि देशभरातले प्रेक्षक तेही कौतुकाने पाहत. पराभवाची जखम भरत चालली होती आणि विद्युत उपकरणांचे युग उगवत होते. रिकिदोझान या दोहोंच्या मधोमध उभा होता.

जुनी कथा निष्प्रभ होऊ लागली तशी रक्ताची मात्रा वाढली. १९६२ मध्ये दात कानशीने घासणाऱ्या फ्रेडी ब्लासीच्या चावऱ्या कुस्त्या पाहून काही वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या आल्या. मे १९६३ मध्ये पांढरा मुखवटा घालणाऱ्या डेस्ट्रॉयरशी त्याची लढत झाली. तिचा ६४ टक्क्यांचा प्रेक्षकवर्ग जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वोच्च आकड्यांपैकी एक आहे. डेस्ट्रॉयरच्या पायांच्या प्रसिद्ध पकडीत दोघेही अडकून पडले आणि लढत बरोबरीत सुटली. वय चाळिशीकडे झुकलेल्या रिकिदोझानने इथे वेगापेक्षा वेदना सोसण्यावर भर दिला. त्याची जुनी विद्याच त्याच्या कामी आली.

रिंगणाबाहेर तो उद्योजक झाला होता. शिबुया येथे रिकी स्पोर्ट्स पॅलेस, आकासाका येथे इमारती, महागड्या गाड्या असा त्याचा थाट होता. सत्ताधारी पक्षाचे बडे नेते बान्बोकु ओनो व्यावसायिक कुस्तीचे आयुक्त होते आणि गुन्हेगारी टोळ्यांचे म्होरकेही या धंद्याच्या आसपास वावरत. मद्यपान, भांडणे आणि शिष्यांना होणारी मारहाण ही त्याची दुसरी बाजू होती. ब्राझीलमधून आणलेला अंतोनियो इनोकी आणि बेसबॉल सोडून आलेला जायंट बाबा या दोन्ही शिष्यांनी ३० सप्टेंबर १९६० रोजी एकाच दिवशी पदार्पण केले. गुरूचा हात किती जड आहे, याचा अनुभव इनोकीने पुरेपूर घेतला.

जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियाला जाऊन आला. जन्मगाव उत्तरेत होते, सीमेपलीकडे. जपानमध्ये या दौऱ्याचा गाजावाजा होऊ दिला गेला नाही. ज्याच्या छातीत जपान आपला अभिमान शोधत होता, तो आपल्या मातृभूमीचे नाव उघडपणे घेऊ शकत नव्हता. किमुराशी केलेला करार त्याने एका रात्रीत मोडला. प्रेक्षकांशी झालेला अलिखित करार मात्र त्याने अखेरपर्यंत पाळला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

८ डिसेंबर १९६३ च्या रात्री आकासाकातील न्यू लॅटिन क्वार्टर या नाइटक्लबमध्ये, पायावर पाय पडल्याच्या क्षुल्लक वादातून, टोळीतील एका तरुणाने त्याच्या पोटात चाकू खुपसला. जखम सुरुवातीला जीवघेणी वाटली नाही. पण प्रकृती बिघडत गेली, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली आणि १५ डिसेंबर रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. टोकियोच्या इकेगामी होन्मोनजी मंदिराच्या आवारात त्याचे दफनस्थळ आणि अर्धपुतळा आहे.

त्याच्या कोरियन जन्माची गोष्ट सर्वसामान्य जपानी माणसापर्यंत पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. २००४ मध्ये दक्षिण कोरियात त्याच्यावर चित्रपटही निघाला. बाबा आणि इनोकी यांनी १९७२ मध्ये स्वतंत्र संघटना काढल्या आणि जपानी कुस्तीचे पुढचे पर्व त्यांनीच घडवले. बाबा १९९९ मध्ये गेला, इनोकी २०२२ मध्ये. त्याआधी एप्रिल १९९५ मध्ये इनोकीने उत्तर कोरियाच्या प्योंगयांग शहरात कुस्त्यांचा मोठा सोहळा भरवला आणि तिथल्या अवाढव्य स्टेडियममध्ये स्वतः अमेरिकी मल्ल रिक फ्लेअरशी लढला. किम सिन-राक ज्या मातीतून गेला होता, तिथे त्याची कुस्ती अशी शिष्याच्या अंगाने परतली.