कुष्ठरुग्णांचे फादर डेमियन

कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते, त्या काळात फादर डेमियन कुष्ठरुग्णांच्या वस्तीत राहायला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

त्यांचे मूळ नाव जोसेफ डी व्यूस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो गावात त्यांचा जन्म झाला. त्यांचे थोरले बंधूही धर्मसेवेत होते. हवाई बेटांवर जायचे ते या बंधूंनी. पण ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी डेमियन १८६४ मध्ये होनोलुलूला पोहोचले.

हवाईत तेव्हा कुष्ठरोग फैलावत होता. तिथल्या राजवटीने १८६५ मध्ये कायदा केला आणि रुग्णांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावरील एका भूशिरावर धाडायला सुरुवात केली. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे उंच कडा. तिथे ना पुरेशी घरे होती, ना कायमचा डॉक्टर. मे १८७३ मध्ये डेमियन तिथे गेले, तेव्हा त्यांचे वय ३३ होते. इतर धर्मगुरूंनी आळीपाळीने जायचे ठरले होते. डेमियन यांनी कायम राहण्याची परवानगी मागितली.

प्रार्थना घेण्याबरोबरच ते जखमा धूत, मलमपट्टी करीत. घरे बांधली, नळाने पाणी आणले. मृतांसाठी शवपेट्या बनवल्या, कबरी खणल्या. रुग्णांबरोबर ते एकाच भांड्यातून जेवत. जखमांचा वास सहन व्हावा म्हणून पाइप ओढत.

त्याच १८७३ साली नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा आजार शापाने वा पापाने होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. हा जंतू त्वचेतील आणि हातापायांतील नसांवर हल्ला करतो, त्यामुळे तिथली संवेदना जाते. १८८४ च्या अखेरीस डेमियन यांनी कढत पाण्यात पाय घातला. कातडी भाजली, पण चटका जाणवला नाही. आपल्यालाही रोग जडल्याचे त्यांनी ओळखले. तरीही पुढची चार वर्षे त्यांचे काम चालूच राहिले. १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. त्यांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार १९८३ मध्ये आनंदवनच्या बाबा आमटे यांना मिळाला होता.

डेमियन यांच्याकडे नव्हते ते औषध आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता लवकरच संपते. बहुतेकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असतेच. म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नये. लगेच तपासून घ्यावा. उपचाराला उशीर झाला, तर नसांची हानी आणि विकृती कायमची राहू शकते. हा उशीर बहुतेकदा लोक काय म्हणतील या भीतीपोटी होतो. ती भीती घालवण्याचे काम मात्र औषधाच्या गोळीने होत नाही. त्यासाठी रुग्णाशेजारी बसणारी, त्याच्याबरोबर जेवणारी माणसे लागतात.