सुलतान कलावून यांचा शिफाखाना

अरबीत ‘अल्फ’ म्हणजे हजार. आपल्या ‘अलिफ लैला’तला पहिला शब्द मुळात हाच. किपचाक तुर्कांतला एक मुलगा गुलाम म्हणून हजार दिनारांना विकला गेला आणि लोक त्याला अल्फी म्हणू लागले. तेच पुढे मिस्रचे सुलतान कलावून झाले.

सरदार असताना, १२७६ च्या सुमारास, मोहिमेवर त्यांना दमिश्कमध्ये जबर पोटशूळ उठला. नूरुद्दीन झंगी यांनी बांधलेल्या शिफाखान्यातून औषधं आली आणि आराम पडला. बरे झाल्यावर ते स्वतः तो शिफाखाना पाहायला गेले. अल्लाहने सत्ता दिली तर असाच आपणही बांधू, अशी मन्नत त्यांनी तिथे मानली. १२७९ मध्ये ते सुलतान झाले, १२८१ मध्ये होम्सजवळ त्यांनी मंगोलांना हरवलं, आणि १२८४ मध्ये काहिरात मन्नत पुरी करायला घेतली.

जागा निवडली ती फातिमी काळच्या एका राजवाड्याची. मधे मोकळं अंगण, चारही बाजूंना उंच कमानीचे ऐवान. ते चार ऐवान तापाच्या रुग्णांसाठी. डोळ्यांचे, जखमांचे, जुलाबाचे रुग्ण वेगवेगळ्या दालनांत, बायकांचं दालन निराळं. एकाचा आजार दुसऱ्याच्या उशाशी नाही. आणि सगळीकडे वाहतं पाणी! काहिराच्या उन्हाळ्यात तापाने फणफणलेल्या माणसाला सावली, गारवा आणि पाण्याचा आवाज म्हणजे काय, हे आपल्याकडे पत्र्याखाली मे महिना काढलेल्यांना सांगायला नको. वक्फनाम्यात तर रुग्णांना वारा घालायचे पंखेसुद्धा नमूद होते. गरीब असो की अमीर, कुणाकडून पैसे घेतले जात नसत.

पण एक गोष्ट आम्हाला लपवावीशी वाटत नाही. काम वर्षभरातच उरकलं, ते जबरदस्तीने. रस्त्यावरून जाणाऱ्यांना पकडून दगड वाहायला लावत, म्हणून लोकांनी ती वाटच सोडली. तिथे राहणाऱ्या अय्यूबी घराण्यातल्या बाईंना दुसरा महाल देऊन हलवलं. अशा वास्तूत नमाज पढावी का, असा सवाल त्या काळीच उठला होता. आमच्या मते तो सवाल रास्त होता. शिफा देणारी भिंत उभारताना वाटसरूच्या पाठीवर दगड कशाला?

१२९० मध्ये अक्काच्या मोहिमेवर निघताना कलावून वारले. शिफाखान्याच्या शेजारीच, त्याच इमारतीत त्यांची कबर आहे. त्या आवारात आजही डोळ्यांचा दवाखाना चालतो.