ज्याँ-पियेर ब्वाये
ज्याँ-पियेर ब्वाये (१५ फेब्रुवारी, १७७६:पोर्ट-औ-प्रिन्स - ९ जुलै, १८५०:पॅरिस, फ्रान्स) हे हैतीचे राष्ट्राध्यक्ष होते. ते १८१८ ते १८४३ दरम्यान सत्तेवर होते. हैतीवरील फ्रेंच नुकसानभरपाईचा बोजा त्यांच्याच कारकिर्दीत स्वीकारला गेला आणि १८३८मध्ये कमीही करण्यात आला.

कारकीर्द

अलेक्झांड्र पेत्यों यांच्या मृत्यूनंतर ब्वाये दक्षिण हैतीचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८२०मध्ये त्यांनी उत्तरेकडील राज्य व १८२२मध्ये हिस्पॅनियोला बेटाचा पूर्व भाग आपल्या सत्तेखाली आणला.

नुकसानभरपाई आणि कर्ज

हैती १८०४मध्ये स्वतंत्र झाला असला तरी फ्रान्सने त्याला मान्यता दिली नव्हती. फ्रान्सचे राजे दहावे चार्ल्स यांनी १७ एप्रिल, १८२५ रोजी काढलेल्या फर्मानानुसार मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत मागण्यात आले. ही रक्कम मालमत्ता गमावलेल्या पूर्वीच्या वसाहतदारांसाठी होती. शिवाय फ्रेंच जहाजांना जकातीत निम्मी सूट द्यावयाची होती. युद्धनौकांच्या धाकाखाली ब्वाये यांनी जुलै महिन्यात या अटी मान्य केल्या.

पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसमध्ये ३ कोटी फ्रँकचे कर्ज काढले. सावकारांनी आपला वाटा कापून घेतल्याने हाती २ कोटी ४० लाखच आले. अशा रीतीने भरपाई आणि तिच्यासाठीचे कर्ज असा दुहेरी बोजा निर्माण झाला. निर्यात वाढविण्यासाठी ब्वाये यांनी १८२६मध्ये ग्रामीण संहिता लागू करून शेतमजुरांना मळ्यांशी बांधले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या लहान शेतांना प्राधान्य दिल्याने ती फारशी यशस्वी झाली नाही. पुढील हप्ते थकले.

१८३८चे करार

१२ फेब्रुवारी, १८३८ रोजी दोन करार झाले. एकाने फ्रान्सने हैतीचे स्वातंत्र्य विनाअट मान्य केले. दुसऱ्याने भरपाईची उर्वरित १२ कोटींची रक्कम ६ कोटींवर आणून ती तीस वर्षांत फेडण्याची सवलत दिली. रक्कम निम्मी झाली, तरी मूळ मागणी कायम राहिली. १८२५चे कर्जही वेगळे शिल्लक राहिले.

पदत्याग आणि मृत्यू

करांचा भार, आर्थिक मंदी आणि १८४२चा भूकंप यांमुळे असंतोष वाढला. १८४३च्या उठावानंतर ब्वाये यांनी पदत्याग केला व ते जमैकाला आणि पुढे पॅरिसला गेले. त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे भरपाईची फेड सुरू होती. २००३मध्ये राष्ट्राध्यक्ष ज्याँ-बर्त्रां आरिस्तीद यांनी या रकमेपोटी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची मागणी केली.