पांडुरंग खानखोजे: जीनोम एडिटिंगच्या आधीचा बियाण्यांचा इंजिनिअर

भुरी म्हणजे काय, हे आमच्या सोलापूरकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पानावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसला की गंधकाची फवारणी आलीच, आणि तिचा खर्चही. मग प्रश्न पडतो, रोगाला बळी न पडणारं बियाणंच का बनवू नये? आज याचं एक उत्तर जीनोम एडिटिंग आहे. पण हाच प्रश्न घेऊन साधारण शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस मेक्सिकोत काम करत होता.

क्रांतिकारक ते कृषिशास्त्रज्ञ

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याचा. इंग्रजांना हाकलायचं तर लष्करी शिक्षण हवं, या ध्यासानं ते तरुणपणीच जपानमार्गे अमेरिकेत पोचले. तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक झाले. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या भागात इंग्रजांविरुद्ध लढले. त्यामुळे मायदेशाचे दरवाजे बंद झाले.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गहू ही त्यांची मुख्य पिकं. रोगाला आणि थंडीला टिकणाऱ्या जाती काढण्यासाठी ते संकर करत. मक्याचा रानटी नातेवाईक असलेल्या तेओसिंते गवतावरही त्यांनी प्रयोग केले.

तेव्हाची पद्धत आणि आजची

आपल्या भाषेत सांगायचं तर संकर म्हणजे दोन अख्खे कोडबेस मर्ज करणं. रानटी झाडातून रोगप्रतिकारशक्ती येते, पण सोबत बारीक दाणा, कमी उत्पन्न असले नको ते गुणही येतात. ते काढायला पिढ्यान् पिढ्या निवड करावी लागते. एक हंगाम म्हणजे एकच टेस्ट रन!

क्रिस्परमध्ये थेट नेमकी ओळ शोधून बदलता येते. उदाहरण टोमॅटोचं घ्या. भुरीच्या बुरशीला पानात शिरायला झाडाचाच एक जीन मदत करतो, त्याचं नाव एमएलओ. २०१७ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या या जीनमधली फक्त ४८ अक्षरं कापली. बाहेरचा कोणताही जीन शेवटच्या झाडात ठेवला नाही. दहा महिन्यांच्या आत भुरीला दाद न देणारं झाड तयार झालं.

मार्च २०२२ मध्ये भारत सरकारनं, बाहेरचा जीन नसलेल्या अशा झाडांना जीएम पिकांच्या काही कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताच्या दोन एडिटेड जाती जाहीरही झाल्या.

बियाणं कुणाचं?

खानखोजे प्रयोगशाळेत थांबले नाहीत, म्हणून त्यांची आठवण काढायची. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मेक्सिकोत मोफत कृषी शाळा उभारायला मदत केली. सुधारित जात आणि ती लावायचं ज्ञान, दोन्ही बांधापर्यंत गेलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटताना दाखवलं, ते उगाच नाही.

आज क्रिस्परचे मुख्य पेटंट परदेशी संस्थांकडे आहेत. उद्या भुरी न येणारा टोमॅटो बाजारात आला, तर त्याचं रोप आपल्या दोन एकरवाल्याला परवडेल का? हा प्रश्न कात्रीइतकाच महत्त्वाचा आहे.

स्वातंत्र्यानंतरच खानखोजेंना भारतात येता आलं. १९५० च्या दशकात ते नागपूरला स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. उमेदीची वर्षं त्यांनी परक्या मातीत घालवली. त्यांच्या जाती तिथल्या शेतात उगवल्या, वर्ध्याच्या नाही. निदान आता हे तंत्र आपल्याकडे उशिरा येऊ नये, आणि आलं तर बांधापर्यंत यावं.