दमण्याआधी थांबणारा सायकलस्वार

पहाटे चारच्या सुमारास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दिवस कधीच सुरू झालेला असतो. भाजीपाल्याचे ट्रक आणि टेम्पो रिकामे होत असतात, हमालांची ये-जा चालू असते, चहाच्या गाड्यांवर वाफ दिसते. या धांदलीत काही सायकली अजूनही तग धरून आहेत. काळ्या, जड, मागे भक्कम कॅरिअर असलेल्या आणि गेअर नसलेल्या. त्या चालवणारा माणूस घाई करत नाही. पोते बांधायचे, एका लयीत पायडल मारायचे, चढ अवघड वाटला की उतरून चालायचे, असा त्याचा शिरस्ता. दिवसभर काम करायचे असल्याने पहिल्याच तासात दमून चालणार नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

याच परिसरातून बिबवेवाडीमार्गे सातारा रस्त्याला लागले की पुढे कात्रजचा घाट येतो. रविवारी सकाळी त्या घाटात वेगळ्या सायकली दिसतात. हलक्या, चकाकत्या, भरपूर गेअरच्या. त्यांच्यामध्ये चाळिशी-पन्नाशीतला एखादा नवखा असतोच. डॉक्टरांनी वजन किंवा रक्तदाब कमी करायला सांगितलेला असतो, म्हणून हौसेने सायकल घेतलेली असते. पहिल्या रविवारी तो तरुणांच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावतो. दुसऱ्या रविवारी गुडघा बोलू लागतो. तिसऱ्या रविवारी सायकल बाल्कनीत जाते आणि तिच्यावर कपडे वाळू लागतात.

पहिल्या माणसाचे शहाणपण दुसऱ्याला कसे द्यायचे, या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका गृहस्थाने अर्धे आयुष्य खर्च केले. त्याचे नाव पॉल द विवी. सायकलप्रेमी त्याला ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखतात. शर्यत नव्हे तर भटकंती म्हणून दूरवर सायकल चालवण्याच्या फ्रेंच परंपरेचा तो जनक मानला जातो.

द विवीचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. शिक्षण चांगले, प्राचीन साहित्याची आवड आणि व्यवसाय रेशमाचा. १८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने पहिली सायकल घेतली. तेव्हाची सायकल म्हणजे पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान. त्या उंच चाकावरून द विवी डोंगराळ भागात फिरू लागला. रस्त्याकडेची कुरणे, फुले, घाटमाथ्यावरची हवा यांनी त्याला अशी भुरळ घातली की रेशीम मागे पडले.

१८८७ मध्ये त्याने धंदा बदलला. सेंत एत्येन या गावात त्याने इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून सायकली आणून विकण्याचे दुकान काढले आणि त्याच वर्षी सायकलींना वाहिलेले मासिक सुरू केले. पुढे ते ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले. दुकानापेक्षा मासिकातच त्याचा जीव अधिक रमला. कुठला रस्ता कसा आहे, किती वेळ लागला, वाटेत काय खाल्ले, कुठे चूक झाली, हे सारे तो त्यात लिहीत असे. वाचकही आपले अनुभव कळवत.

सेंत एत्येन साधारण पुण्याइतक्याच उंचीवर वसलेले आहे. गावाबाहेर पडताच एक मोठा घाट लागतो. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून ११६१ मीटरवर. पायथ्यापासून सिंहगडावर जाताना जेवढी उंची चढावी लागते, साधारण तेवढीच ही चढण आहे. हा घाट द विवीची प्रयोगशाळा ठरला. त्या काळच्या सायकलींना एकच गेअर असे. सपाटीला सोयीचा गेअर ठेवला तर चढावर गुडघे भरून येत आणि चढाला सोयीचा ठेवला तर सपाटीवर पाय नुसतेच गरगर फिरत. असे सांगतात की एकदा याच घाटात द विवी घामाघूम होऊन चढत असताना त्याच्या मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाइप ठेवून आरामात त्याच्या पुढे निघून गेला. या प्रसंगाने द विवी विचारात पडला. एकाच सायकलीला अनेक गेअर हवेत, हे त्याच्या मनाने घेतले. मग त्याने स्वतःच्या ‘गोलवाज’ या सायकलीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, इतरांचे प्रयोग तपासले आणि सारे निष्कर्ष मासिकात छापले.

यामागचे शास्त्र सोपे आहे. ठरावीक वेगाने चढ चढायला ठरावीक शक्ती लागते. जड गेअरमध्ये पाय सावकाश फिरतात, त्यामुळे प्रत्येक पायडलला जास्त जोर द्यावा लागतो. तो ताण मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्यावर येतो. हलक्या गेअरमध्ये पाय भरभर फिरतात आणि तेच काम लहान लहान हप्त्यांत होते. स्नायू उशिरा थकतात, गुडघ्यावरचा भार कमी होतो. आज कात्रजच्या घाटात दुखणाऱ्या कित्येक गुडघ्यांचे उत्तर उजव्या हाताखालच्या गेअरच्या खटक्यात असते. पण हलका गेअर टाकणे म्हणजे हार मानणे, असे नवख्याला वाटत राहते.

तसे त्या काळीही वाटत असे. पुढे ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांचे मत होते की, गेअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे आणि खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावे. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यांवर सायकलींची कसोटी घेतली. त्यात मार्त हेस या महिलेने तीन गेअरच्या गोलवाजवर बसून, एका गेअरच्या सायकलीवरील एडवर्ड फिशर या नामवंत शर्यतपटूला मागे टाकले. तरीही देग्रांज बधले नाहीत. त्यांच्या शर्यतीत गेअर बदलणारी यंत्रणा सर्वांना वापरू द्यायला १९३७ साल उजाडावे लागले. तोवर द विवीला जाऊन सात वर्षे झाली होती.

द विवीला शर्यत जिंकायची नव्हतीच. सामान्य माणसाला आयुष्यभर, दूरवर आणि आनंदाने सायकल चालवता यावी, एवढाच त्याचा ध्यास होता. त्यासाठी त्याने स्वतःच्या शरीराचे बारकाईने निरीक्षण केले. तो शाकाहारी झाला. रात्रंदिवस चालणाऱ्या लांब सफरी करून कशाने थकवा येतो आणि कशाने येत नाही, याची त्याने नोंद ठेवली. त्यातून त्याचे काही साधे नियम तयार झाले. आजचे शरीरशास्त्र त्यातल्या बहुतेकांना दुजोरा देते.

विश्रांती थोडी आणि क्वचित घ्यावी, म्हणजे लय तुटत नाही, हा पहिला नियम. खाणे थोडे आणि वारंवार असावे. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो मर्यादित असतो. जोर लावून सायकल चालवली तर दीड-दोन तासांत तो उतरणीला लागतो. साठा संपत आला की पायांतले बळ अचानक जाते, डोके जड होते, चिडचिड होते. त्यानंतर खाल्लेले अंगी लागायला वेळ लागतो. म्हणून तासा-दीड तासाने एखादे केळे, चिक्की किंवा गुळपोळीचा तुकडा पोटात गेलेला बरा. उन्हात घाम जास्त जातो, तेव्हा तहानेची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे, पण उगाच पोट तुडुंब भरू नये.

इतके दमू नये की भूक आणि झोप उडेल, हा त्याचा आणखी एक नियम. थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा घ्यावा आणि उकडण्याआधी काढावा, असेही तो सांगे. डिसेंबरात घामाने भिजून घाट चढलेल्या आणि तसेच वाऱ्यात उतरलेल्या माणसाला याचे मोल पटेल. सफरीत दारू आणि तंबाखूला त्याने फाटा दिला होता. विशेषतः पहिल्या काही तासांत आपल्या ताकदीबाहेर जाऊ नये, असा त्याचा आग्रह असे. आणि शेवटचा नियम सर्वांत अवघड: दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये.

आपल्या ताकदीतला वेग कोणता, हे ओळखायला महागडे घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी वाक्ये न तोडता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे असा व्यायाम सुचवते. म्हणजे गप्पा मारत सायकल चालवणे हा आळस नसून औषधाची योग्य मात्रा आहे. हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचे जुने दुखणे असेल तर सुरुवातीला डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर मात्र लगेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

या गप्पांना द विवीच्या आयुष्यात मोठे स्थान होते. त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींना ‘सेंत एत्येनचा संप्रदाय’ म्हणावे असे रूप आले. ईस्टरच्या सुट्टीत ही मंडळी दक्षिणेकडे प्रोव्हान्सला निघत. ठिकठिकाणचे सायकलस्वार आपापल्या वाटेने, आपापल्या गतीने ठरलेल्या जागी पोहोचत आणि एकत्र जेवत. कोणी आधी आले म्हणून मोठे नव्हते, उशिरा आले म्हणून लहान नव्हते. त्याच्या स्मरणार्थ आजही ईस्टरला ‘फ्लेश वेलोसिओ’ ही सफर होते. तीन ते पाच जणांनी मिळून २४ तासांत किमान ३६० किलोमीटर जायचे असते. पुण्यासह भारतभर होणाऱ्या २०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ सफरी याच परंपरेतल्या. त्यासाठी साडेतेरा तास मिळतात. म्हणजे खाणे, पिणे, पंक्चर काढणे धरून ताशी सुमारे १५ किलोमीटर. वेळेत पोहोचणाऱ्यांना पहिला, दुसरा असे क्रमांक दिले जात नाहीत.

सत्तरी ओलांडल्यावरही द विवी सायकल चालवत होता. २७ फेब्रुवारी १९३० रोजी सेंत एत्येनमध्ये तो सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होता. समोरून आलेली मोटार चुकवायला तो मागे सरला आणि ट्रामखाली आला. वय ७६. ज्या घाटात त्याने गेअरचा ध्यास घेतला, त्याच्या माथ्यावर त्याचे स्मारक उभे आहे. त्याच्या नावाने दरवर्षी भरणाऱ्या मेळाव्यात लहानथोर सायकलस्वार तो घाट चढून वर येतात.

बाल्कनीत कपडे वाळवणाऱ्या सायकलीलाही अजून उशीर झालेला नाही. चाकांत हवा भरावी, दोन-तीन मित्रांना फोन करावा आणि एखाद्या रविवारी उजाडताना मार्केट यार्डाजवळ भेटावे. तिथे केळी मिळतील, चहाही मिळेल. घाट सुरू होण्याआधीच हलका गेअर टाकावा. ज्याला पुढे जायचे असेल त्याने खुशाल जावे आणि माथ्यावर थांबावे. मागून येणाऱ्याने वाटेत एकदा मान वर करून दरीकडे पाहावे. आणि यार्डातून पोते लादून निघालेला तो काळ्या सायकलीवरचा माणूस वाटेत दिसला, तर त्याच्या पायांची लय नीट पाहून घ्यावी.