संकटसमयीचा कर्णधार : शेठ वालचंद हिराचंद

उद्योगधंद्यात भरभराटीच्या दिवसांत सारेच शहाणे ठरतात. खरी कसोटी लागते ती व्यवहार अंगाशी आल्यावर, सरकारने परवानगी नाकारल्यावर किंवा बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने भाव पाडल्यावर. अशा वेळी पेढीवरचा मुनीम, कारखान्यातला फोरमन आणि कामावरचा मुकादम हे सारे धन्याच्या मुद्रेकडे पाहत असतात. धनी घाबरला तर कामाचा हात ढिला पडतो. धनी संतापला तर माणसे चुका झाकू लागतात. धनी शांत राहून पुढच्या कामाला लागला तर माणसेही त्याच्यामागून कामाला लागतात. हे सत्य ज्यांच्या जीवनात ठायी ठायी प्रत्ययास येते, असे आपल्या समाजाचे एक थोर पुरुष म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात आलेले हे दिगंबर जैन कुटुंब सोलापुरात स्थिरावले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे व्यापार सांभाळून ‘जैनबोधक’ मासिकाद्वारे धर्मशिक्षण व समाजसुधारणेचे कार्य करीत. वालचंदांना तान्हेपणीच मातृवियोग घडला. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या व्यवसायात यावे लागले. सावकारी आणि कापसाच्या ठरीव व्यवहारात मात्र त्यांचे मन रमले नाही.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ऐपत होती, अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला. ठेकेदारीत दर आधी ठरतो आणि अडचणी मागाहून येतात. अंदाजापेक्षा खडक कठीण निघतो, पाऊस लवकर येतो, मजूर आजारी पडतात. प्रत्येक अडचणीत दोष कोणाचा याचा काथ्याकूट करीत बसणाऱ्याचे काम मुदतीत पुरे होत नाही. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानशाची जलवाहिनी अशी अवघड कामे वालचंदांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच परंपरेची फलश्रुती होय.

त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा समुद्रावर झाली. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीस निघाली. युद्धकाळात ती रुग्णनौका म्हणून वापरात होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ती घेतली आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय नौकानयनाच्या इतिहासातील हा सोन्याचा दिवस. परंतु धंद्याच्या दृष्टीने ही बोट परवडली नाही. १९२३ साली ती मोडीत निघाली.

ज्या बोटीने कंपनीला जन्म दिला, तीच चार वर्षांत भंगारात जावी, हा आघात लहान नव्हता. त्यातच किनाऱ्यावरील वाहतुकीत ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी पाडून स्पर्धा सुरू केली. त्या काळी मातब्बर जहाज कंपन्यांच्या हाती आणखी एक शस्त्र असे. ठरलेल्या मुदतीत व्यापाऱ्याने दुसऱ्या कोणाच्या बोटीतून माल पाठवला नाही, तरच भाड्याचा काही भाग त्याला परत मिळे. त्यामुळे स्वदेशीविषयी आस्था असलेला व्यापारीही नव्या कंपनीकडे माल देण्यास कचरे. या दुहेरी माऱ्यात त्या काळच्या कित्येक देशी जहाज कंपन्या बुडाल्या.

सिंदियाच्या धुरिणांनी या वेळी दोन गोष्टी केल्या. कंपनी विकून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही आणि केवळ अभिमानापोटी भांडवल संपेपर्यंत झुंजतही ते बसले नाहीत. १९२३ साली त्यांनी प्रतिस्पर्ध्याशी करार केला. त्यातील जहाजांच्या क्षमतेवरील मर्यादा जाचक होती. तरीही कंपनी जगली. आवेशाला आवर घालून घेतलेल्या या निर्णयामुळे कर्मचाऱ्यांची उपजीविका राहिली आणि भारतीय माणसांना जहाजधंदा शिकण्यास अवधी मिळाला. एम. ए. मास्टर यांच्यासारखे जाणते व्यवस्थापक याच कंपनीत नावारूपाला आले. सिंदियाच्याच सेवेतील साराभाई हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. ते कायद्यात उतरले नाही. पण कंपनीचा प्रश्न देशाचा प्रश्न झाला. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले आणि अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली.

जहाजे चालवणाऱ्या देशाने ती बांधलीही पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. कलकत्त्यास जागेचा योग जुळला नाही, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे गोदीची पायाभरणी झाली. वर्षही उलटले नाही तोच, ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. काम थांबले, यंत्रसामग्री हलवावी लागली. अशा प्रसंगी योजना गुंडाळली असती तरी कोणी बोल लावला नसता. वालचंदांनी ती गुंडाळली नाही. परिस्थिती निवळताच काम पुन्हा सुरू झाले आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

विमानांच्या बाबतीत त्यांना निराळी कसोटी द्यावी लागली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. युद्ध दाराशी येताच १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. स्वतः लावलेले रोप दुसऱ्याच्या हाती सोपवणे कोणाही उद्योजकाला जड जाते. वालचंद मात्र त्या दुःखात अडकून पडले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. इकडे बंगळूरचा कारखानाही बंद पडला नाही. त्यातूनच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही मोठी संस्था आकारास आली.

त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. एकाच वेळी अनेक आघाड्या उघडण्याची त्यांना सवय होती. बांधकाम, जहाजे, रावळगाव व वालचंदनगरची साखर, विमाने, मोटारी यांचा पसारा एका माणसाच्या शक्तीबाहेरचा होता. विशाखापट्टणमच्या गोदीचा आर्थिक भार सिंदिया कंपनीस पेलवला नाही आणि १९५२ साली सरकारने तिचा ताबा घेतला. त्याआधीच, १९५० मध्ये, ढासळलेल्या प्रकृतीमुळे वालचंद निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला.  पण त्यांनी घडवलेली माणसे आणि उभ्या केलेल्या संस्था मागे राहिल्या. ज्या दिवशी ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडली, तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

क्रोध आणि मान हे कषाय आपल्या धर्माने आत्म्याचे शत्रू मानले आहेत. वालचंदांचे चरित्र वाचताना ध्यानी येते की, ते व्यवहाराचेही शत्रू आहेत. १९२३ साली मानाला मुरड घातली नसती तर कंपनी बुडाली असती. १९४२ साली मन कडवट झाले असते तर पुढचा कारखाना उभा राहिला नसता. पेढी असो, कारखाना असो वा एखादा विश्वस्त न्यास असो, अडचण आली की सहकारी प्रथम प्रमुखाकडे पाहतात. त्या क्षणी त्याने दाखवलेले समताभावाचे बळ हेच त्यांचे भांडवल ठरते. आजच्या तरुण उद्योजकांनी शेठजींच्या चरित्रातून एवढा एक बोध घेतला, तरी त्यांच्या स्मृतीस ते खरे अभिवादन ठरेल.